डबा सोलापूरचा, बाटली पुण्याची

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, २ डिसेंबर १९७७

चि. सौ. शिवलीला हीस दाक्षायणीचे अनेक आशीर्वाद.

पुण्यात अव्वांचे सगळे दात काढले हे भाऊजींच्या पत्रातून कळलं. धाकट्या जावेनं थोरल्या जावेला दोन ओळी लिहिल्या असत्या तर जास्त बरं वाटलं असतं. असू दे. पुण्यात तुला हजार कामं.

आपल्या दुकानातले रावजी सुताचे नमुने घेऊन पुण्याला निघालेत. त्यांच्याबरोबर स्टीलचा डबा पाठवते आहे. आत शेंगदाण्याचं लोणी आहे. हसू नकोस, नाव मीच दिलंय. अव्वा जन्मभर भाकरीवर शेंगांची चटणी खाल्लेली बाई. आता हिरड्या दुखतात तर दाणे चावणार कशानं? अंडं आपल्यात चालत नाही, दूध त्यांना पचत नाही. अंगात ताकद यायची कुठून? म्हणून दाणे भाजले, सालं पाखडली आणि पाट्यावर तेल सुटेपर्यंत वाटले. तिखट नाही, मीठ चिमटीभर. शेंगा आपल्या मंद्रूपच्या रानातल्या, विकतच्या नव्हेत.

आंबिलीत कालवून दे. गूळ-साखर अजिबात घालू नको. त्यांना साखरेचा आजार आहे हे तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. गोळी देताना समोर उभी राहा. त्या गोळी गालात धरतात आणि आपली पाठ वळली की थुंकतात. तोंड उघडायला लावून बघायचं. सासूजवळ राहून हे इतक्या वर्षांत मला कळलंय, तुला कुठून कळणार.

त्या तिकडं पुण्याला गेल्यापासून घर लई गप्प आहे. संक्रांतीच्या गड्ड्याआधी त्यांना आणून सोडा. गड्ड्याची जत्रा त्यांनी आजवर एकदाही चुकवलेली नाही.

तुझी,
दाक्षायणी


पुणे, ९ डिसेंबर १९७७

ती. सौ. अक्कांना शिवलीलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

डबा पोचला. पण तो यायच्या आधीच प्रश्न सुटला होता. इथं कॅम्पातल्या एका दुकानात पीनट बटर मिळतं. म्हणजे तुमचं शेंगदाण्याचं लोणीच, फक्त कारखान्यात केलेलं. काचेची बाटली, घट्ट झाकण, कुणाचा हात लागत नाही. पहिल्या दिवशी अव्वांनी "हे काय चिखलावानी?" म्हणून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी चमचा चाटला. आता सकाळ-संध्याकाळ स्वतः मागतात.

तुमचा डबा उघडला तर वर बोटभर तेल तरंगत होतं. प्रवासात बिघडलं असेल असं वाटून पुन्हा बंद करून कपाटात वर ठेवला. रागावू नका. पाट्याची कच पण येते हो वाटलेल्यात. त्यांच्या तोंडात आधीच जखमा आहेत, धोका कशाला?

एक सांगायचं राहिलं. काल भरवत होते तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि "मगळे" म्हणाल्या. मला लातूरकडच्या मुलीला कानडी कुठलं येतं? ह्यांना विचारलं. म्हणाले, मुलगी. मला भरून आलं. तुम्हालाही असंच म्हणत असतील ना?

आपली,
शिवलीला


सोलापूर, १४ डिसेंबर १९७७

चि. सौ. शिवलीला हीस आशीर्वाद.

तेल वर येतं तेच खरं दाण्याचं लोणी. चमच्यानं ढवळलं की झालं. तुझ्या बाटलीत तेल वर का येत नाही हे दुकानदाराला विचार. वनस्पती तूप घालून घट्ट केलेलं असणार, दुसरं काय? आणि एकदा दळल्यावर दाणा किडका होता की काळा होता, कुणाला दिसतं? मार्केट यार्डात खराब दाण्यांचे ढीग मी डोळ्यांनी बघितलेत. तेही कुणीतरी विकत घेतंच की. कुठं जातात ते?

आणि त्यात साखर किती आहे? जिभेला एवढं गोड का लागतंय त्यांना? बाटलीवर लिहिलेलं असेल. तू बी.एस्सी. आहेस, वाच आणि कळव.

मगळे म्हणाल्या म्हणून लिहिलंस. मला कधी म्हणाल्या नाहीत. मी "दाक्षी". त्यांचा पाय मोडला होता तेव्हा वर्षभर मी उचलून न्हाऊ घातलं, तेव्हाही दाक्षीच. कपाटातला डबा खाली काढ.

दाक्षायणी


पुणे, २० डिसेंबर १९७७

ती. सौ. अक्कांना सा. नमस्कार.

तुमच्या पत्राचा सूर पाहून वाईट वाटलं. कारखान्यात दाणे निवडून घेतात, खराब बाजूला काढतात, सगळं यंत्रावर होतं. आपण घरी ते करू शकत नाही.

उलट मीच तुम्हाला एक विचारते. आमच्या शेजारी एक डॉक्टरीणबाई राहतात. त्या म्हणाल्या, घरच्या दाण्यांचीही खात्री नसते. शेंगा भिजल्या की आत बुरशी धरते. कधी दिसते, कधी दिसत नाही, भाजूनही तिचं विष जात नाही आणि ते यकृताला वाईट. तिकडून भाऊजींनी ह्यांना लिहिलं होतं की ऑक्टोबरच्या पावसात मंद्रूपच्या शेंगा खळ्यावरच भिजल्या. डब्यातल्या त्याच का?

अव्वा बऱ्या आहेत. हिरड्यांच्या जखमा भरायला वेळ लागतोय, पुण्याच्या थंडीनं असेल. तहान फार लागते, उशाचा तांब्या पुरत नाही. दुपारी झोपूनच असतात, त्यांना विश्रांती मिळतेय याचं मला समाधान आहे. गड्ड्याचं विचारलं तर काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, त्यांना इथंच बरं वाटतंय.

शिवलीला


सोलापूर, २६ डिसेंबर १९७७

शिवलीला,

भिजल्या त्या वेगळ्या काढल्या होत्या. माझ्या हातचं खाऊन ह्या घरात आजवर कुणी आजारी पडलं नाही. शेजारणीपाशी माझ्या डब्याची चर्चा करायचं कारण नव्हतं.

"इथंच बरं वाटतंय" हे त्यांनी तोंडानं सांगितलं की तुझं तुला वाटतंय? एवढं स्पष्ट लिही. आणि साखरेचं विचारलं होतं, त्याला तू उत्तर दिलं नाहीस.

डबा नुसता कपाटात ठेवायचा असेल तर परत पाठव.

दाक्षायणी


तार
पुणे, २ जानेवारी १९७८

अव्वा दवाखान्यात. वहिनींना ताबडतोब पाठव. गुरुसिद्धप्पा.


पुणे, ५ जानेवारी १९७८

श्री. महादेवप्पा यांस दाक्षायणीचा शरणार्थ. (तुमचं नाव तोंडानं घेत नाही, कागदावर चालतं.)

अव्वांच्या जिवाचा धोका टळला असं डॉक्टर म्हणाले. मी पोचले तेव्हा त्या मला ओळखत नव्हत्या. आज सकाळी डोळे उघडले आणि "दुकान कोण बघतंय?" असं विचारलं, म्हणजे शुद्धीवर आल्या. साखर भयंकर चढली होती. इंजेक्शनं देऊन उतरवतायत. घरी त्यांची गादी झाडली तर उशीखाली थुंकलेल्या गोळ्या सापडल्या.

डॉक्टरांनी विचारलं, रोज काय खातात? शिवलीलानं ती बाटली आणून दिली. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"अहो, ह्यात शेंगदाण्याखालोखाल साखरच आहे. साखरेच्या पेशंटला हे कोण देत होतं?"

"मी," शिवलीला म्हणाली.

"लिहिलेलं वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं."

भाऊजी मान खाली घालून बाहेर गेले. मग व्हरांड्यात ती माझ्यापाशी आली. म्हणाली, "अक्का, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी बाटलीवरचं वाचलं. पण बाटली बंद केली तर त्या मला पुन्हा मगळे म्हणणार नाहीत, अशी भीती वाटली. चमचे कमी केले. चार दिवसांनी त्यांनी मागितले, परत वाढवले."

खरं लिहिते, मला आनंद झाला. सासू आत पडलेली आणि मला आनंद झाला. मी मोठ्यानं म्हटलं, "जा, माझा डबा आण कपाटातला. डॉक्टरांना बघू दे घरचं अन्न कसं असतं ते." ती रिक्षा करून गेली आणि घेऊन आली. डॉक्टर समोर उभे होते. मी झाकण उघडलं.

तुम्ही मला सांगितलं होतं, ह्या शेंगा खायच्या कामाच्या नाहीत. मी ऐकलं नाही. वरून बऱ्या दिसल्या त्या फोडल्या आणि जरा जास्तच करपवून भाजल्या, वास येऊ नये म्हणून. बाजारातून चांगले दाणे आणता आले असते. पण मला "आपल्या रानातल्या" असं लिहायचं होतं. तिच्याकडं रान नाही ना.

डबा नुसता जुना झाला असता तर खवट वास आला असता. हा खवट नव्हता. भिजून सडलेल्या पोत्याचा वास होता. बोटाच्या टोकानं जिभेवर घेतलं. कडू.

मी झाकण लावलं. डॉक्टरांना म्हटलं, "राहू दे, तुमचा वेळ कशाला घ्यायचा." शिवलीला माझ्याकडं बघत उभी होती, गुन्हेगारासारखी. तिनं तो डबा माझ्यावरच्या जळफळाटानं बंद ठेवला, म्हणून अव्वा माझ्या हातून वाचल्या. ती चांगली वागली असती तर मी काय करून बसले असते? हे तिला सांगायला जीभ उचलत नाही.

आणखी एक. तिच्या पत्रात तहान लिहिली होती, न भरणारी जखम लिहिली होती, झोप लिहिली होती. घरात हे दुखणं माझ्याइतकं कुणाला कळतं? पण मी ते पत्र हातात घेऊन एकच ओळ वाचत बसले होते, इथंच बरं वाटतंय ही.

संक्रांतीला तुमची खायची पंचाईत नको म्हणून निघते. डबा पिशवीत घालून आणते आणि तिकडंच पुरते.

दाक्षायणी


पुणे, १६ जानेवारी १९७८

ती. सौ. अक्कांना शिवलीलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

अव्वा घरी आल्या. अजून अशक्तपणा आहे. गड्डा चुकला म्हणून संक्रांतीला दिवसभर भिंतीकडं तोंड करून निजल्या. तुम्ही गेल्यापासून "दाक्षी कुठं हाय?" असं दिवसातून कितीदा विचारतात. मला त्याचं वाईट वाटतं. तुमच्यापाशी आता खोटं कशाला बोलू?

ती बाटली मी नळाखाली रिकामी केली. तुमचं बरोबर होतं, घरचं ते घरचं. दवाखान्यात तुम्ही मला चार शब्द बोलला असतात तर मी ऐकून घेतले असते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. डॉक्टरांना डबा दाखवायचं सुद्धा टाळलंत, मला आणखी लाज वाटू नये म्हणून. तुमच्या मनाचा हा मोठेपणा मी विसरणार नाही.

पण एक चोरी केली आहे. निघताना तुमच्या पिशवीत डबा दिसला. मला वाटलं, रागानं परत नेताय. तुम्ही अव्वांच्या पाया पडत होता तेवढ्यात मी तो काढून घेतला. डॉक्टरांनी येत्या शुक्रवारपासून दाणे थोडे थोडे द्यायला परवानगी दिलीय. तेव्हा पहिला घास तुमच्या डब्यातला. आता अव्वांच्या पोटात तुमचंच जाऊ दे.

तुमची,
शिवलीला


तार
सोलापूर, १९ जानेवारी १९७८

डबा देऊ नको. दाणे बुरशीचे. फेकून दे. दाक्षायणी.


सोलापूर, १९ जानेवारी १९७८

शिवलीला,

तुझं पत्र आत्ता आलं. चप्पल न घालता तार ऑफिसात आले आणि इथल्याच बाकावर बसून हे लिहिते आहे. उद्या शुक्रवार आहे. तार वेळेवर पोचू दे.

डब्यातल्या शेंगा भिजलेल्याच होत्या. तू विचारलंस तेव्हा मी खोटं लिहिलं. व्हरांड्यात वास घेतल्यावर तर पक्कं कळलं. तुला लाज वाटू नये म्हणून मी झाकण लावलं नाही, ग. माझी लाज निघू नये म्हणून लावलं. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते बघायला मला बरं वाटत होतं. तेवढ्यासाठी गप्प राहिले.

सोलापुरात पिशवी उघडली तर डबा नव्हता. गाडीत राहिला असेल असं समजून सुटले म्हटलं. तेव्हाच तुला लिहायला पाहिजे होतं. तूच विचार कर, मी का लिहिलं नाही.

मी तुझ्यावर जळते. तुझ्या घरातल्या फ्रिजवर नाही, मिक्सरवर नाही. त्या एका शब्दावर.

अव्वांनी खाल्लं का नाही, लगेच कळव.

दाक्षायणी


पुणे, २३ जानेवारी १९७८

अक्का,

तार शुक्रवारी दुपारी आली. तोवर मी आंबील केली होती, त्यात तुमच्या डब्यातलं चमचाभर कालवलं होतं आणि पहिला घास अव्वांच्या तोंडात घातला होता.

त्यांनी तो गिळला नाही. तोंडात धरला आणि ओंजळीत थुंकला.

"कडू हाय."

"अव्वा, आजारपणानं तोंडाची चव गेलीय. अक्कांनी स्वतः वाटून पाठवलंय."

"न्हाय. हे दाक्षीचं न्हवं."

"अहो, त्यांचंच. हा बघा डबा."

"डबा तिचा आसंल. आतलं तिचं न्हवं. दाक्षी असलं करत न्हाय. बेडा, नको मला."

मला वाटलं, नखरे करतायत. मी दुसरा चमचा भरला, हनुवटीला हात लावला आणि दारात तारवाल्यानं हाक मारली. एवढंच अंतर राहिलं होतं.

तुमचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. मी सगळ्यांसमोर "मी" म्हणाले, "वाचलं होतं" म्हणाले. ह्यांनी आठवडाभर माझ्याशी धड बोलणं केलं नाही. आणि तुम्ही तिथंच, माझ्यासमोर, झाकण लावलंत. मी मात्र तुमच्या मोठेपणाचं पत्र लिहीत बसले. हे मी विसरेन असं वाटत नाही.

अव्वांना काही सांगितलेलं नाही. त्यांची समजूत आहे की मी बाजारातलं काहीतरी तुमच्या डब्यात भरलं. त्यांनी मला तसं विचारलंही. मी हो म्हणाले. तुमच्यासाठी म्हणाले असं नाही. त्या जो विश्वास ठेवून बसल्यात तो माझ्या हातानं मोडवेना.

मला मुलगी म्हणाल्या, ते गोड चाटवल्यावर. तुमच्याबद्दल म्हणाल्या ते जिभेवर कडू असताना. आता जळायची पाळी माझी आहे.

हे त्यांना घेऊन पुढच्या रविवारी निघतील. मी येणार नाही.

शिवलीला


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, २० फेब्रुवारी १९७८

चि. सौ. शिवलीला हीस दाक्षायणीचे आशीर्वाद.

अव्वा इथं आल्या त्याला आता बरेच दिवस झाले. साखर आटोक्यात आहे, हिरड्या भरल्या. कवळी बसवायला मार्चमध्ये पुन्हा पुण्याला यायचं आहे. पत्र लवकर लिहिलं नाही, कारण आधी एक काम करायचं होतं आणि ते रोज उद्यावर जात होतं.

मागच्या सोमवारी केलं. अव्वा अंगणात उन्हाला बसल्या होत्या. मी म्हटलं, "अव्वा, तो कडू डबा शिवलीलानं भरला नव्हता. माझाच होता. शेंगा भिजलेल्या होत्या, मला ठाऊक होतं."

त्यांनी विचारलं, "तिनं मग हो कशाला म्हटलं?"

"तुमच्या मनातून मी उतरू नये म्हणून."

"येडी हाय पोरगी," म्हणाल्या. मला काहीच म्हणाल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी पदर पसरून घेतल्या असत्या.

त्या दिवसापासून मी ताट वाढलं की अव्वा आधी घास नाकाशी नेतात, हुंगतात, मग तोंडात घालतात. भात असो, वरण असो. मुद्दाम करत नाहीत, आपसूक हात तसा जातो. मी समोर बसून बघते. इतक्या वर्षांत माझ्या हातचा घास त्यांनी कधी हुंगला नव्हता.

घरात आता एक पद्धत सुरू केली आहे. शेंगा बाजारातून कोरड्या बघून आणते, थोड्याच आणते आणि परातीत अव्वांसमोर ओतते. दाणा न दाणा त्याच निवडतात. काळा, सुरकुतलेला, जरा जरी शंका आली तरी बाहेर. मग मी वाटते आणि आठवड्यात संपवतो. विकतचं आणायचं झालं तर ह्यांच्याकडून बाटलीवरचं मोठ्यानं वाचून घेईन, साखर असली की परत. माझं ते चांगलं आणि तुझं ते वाईट, असं आता मला म्हणता येत नाही.

शेंगा निवडताना त्या रोज विचारतात, "शिवलीला कवा येणार?" कालही विचारलं. आणि पुढं तो शब्दही म्हणाल्या, माझी मगळे, असं. माझ्या देखत. लई टोचलं. आज लिहितानाही टोचतंय, आणि ते जाईल असं मला वाटत नाही. तुझाही राग जायला नको असेल तर राहू दे. घरात दोन जावा मनात काहीतरी धरून बसल्या म्हणून घर पडत नाही.

पण शिवरात्रीला ये. मी वाटीन, भरव तू. त्या तुझ्या हातून खाताना हुंगतात का, ते मला बघायचं आहे. नाही हुंगलं, तर मी चुलीपाशी जाऊन जळेन. तुला कळू देणार नाही. तू ये.

तुझी,
दाक्षायणी